काठ, कठडा आणि घरचे मूल
सोलापूरकडच्या घरगुती पाणीसाठ्यांच्या सुरक्षिततेचा धावता इतिहास

'पाण्यात पडले की पोहता येते' ही म्हण आपण नव्या नोकरीला, नव्या संसाराला, नव्या धंद्याला सहज लावतो. शब्दशः घेतली तर ती खोटी आहे, आणि पाण्यात पडणाऱ्याचे वय जितके लहान तितकी अधिक खोटी. दीड-दोन वर्षांचे मूल पाण्यात पडते तेव्हा बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेल्यावर ओरडायला श्वास उरत नाही. काही मिनिटांत सारे संपते, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला चाहूलही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. भारतात दरवर्षी बुडणाऱ्यांची नोंद अडतीस हजारांच्या घरात जाते.

अलीकडे बंगल्यांच्या आवारात, शेतघरांत आणि गृहसंकुलांत पोहण्याचे तलाव होऊ लागले आणि मुलांच्या सुरक्षिततेची चर्चा सुरू झाली. जणू हा प्रश्न निळ्या फरशीबरोबरच आला. प्रत्यक्षात घरालगत खोल पाणी आणि त्याच घरात रांगते मूल ही स्थिती आपल्याकडे शतकानुशतकांची आहे. फक्त त्या पाण्याला आड, हौद, विहीर, शेततळे अशी नावे होती. या पाण्याभोवती कठडा कधी बांधला गेला, कोणासाठी बांधला गेला आणि कोणासाठी राहून गेला, हे सोलापूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखाच्या आधाराने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

अवर्षणाच्या मुलखातले पाणी

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. अशा ठिकाणी पाणी साठवणे हे पुण्यकर्म ठरते आणि गावाचा इतिहासही तळ्यापासून सुरू होतो. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळे खोदवले ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. त्या तळ्यातच त्यांचे मंदिर आहे आणि तळ्याच्या काठाला भुईकोट किल्ला. करमाळ्याला कमलाभवानीच्या मंदिराजवळ शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे. इंग्रजी अमदानीत, १८७०च्या आसपास, शहराच्या उत्तरेला एकरुखचा म्हणजे हिप्परग्याचा तलाव बांधला गेला. नंतर भीमेवर उजनी धरण झाले. एवढे होऊनही शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, ते काही दिवसांआड येते. त्यामुळे जमिनीत बांधलेला हौद, मोरीतली टाकी आणि दारातले बॅरल या वस्तू सोलापूरच्या घरात भांड्याकुंड्यांइतक्याच नित्याच्या आहेत. पाणी दुर्मीळ असले की ते घराच्या अधिक जवळ आणि अधिक काळ साठून राहते, आणि मुलाच्या दृष्टीने धोका याच गोष्टीत असतो.

जुन्या रचना : काय होते, काय नव्हते

जुन्या पाणवठ्यांची रचना पाहिली तर त्यांच्या सुरक्षिततेत मोठा फरक दिसतो. वाड्याच्या चौकातला किंवा परसातला आड तोंडाशी अरुंद असे. पाणी पोहऱ्याने ओढून काढायचे असल्यामुळे त्याला रहाट लागे, रहाटाला खांब लागत आणि ओढणाऱ्याला टेकायला कठडा लागे. हा कठडा मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत येई. रांगत्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला तो चढता येत नसे. धोका पाच-सहा वर्षांच्या मुलाला असे, कारण ते कठड्यावर पोट टेकून आत वाकून पाहू शकते.

पायऱ्यांच्या बारवेची गोष्ट उलट आहे. तिथे माणसाने पाण्यापर्यंत उतरायचे असते. वाट मोकळी, पायऱ्या शेवाळलेल्या, आणि शेवटची कोरडी पायरी कुठली हे ऋतूप्रमाणे बदलणारे. मोठ्या माणसाला मात्र या रचनेचा एक फायदा होता. घसरून पडलेल्याला पायरी सापडली तर वर येता येई.

तिसरी मोटेची विहीर. तिच्या एका अंगाला बैलांची धाव आणि थारोळे असे, उरलेला काठ बहुतेक ठिकाणी जमिनीच्या पातळीवर उघडाच राही. शेतातल्या वस्तीवर, घराच्या दारापासून पन्नास पावलांवर, अशी विहीर असणे ही सर्वसाधारण गोष्ट होती. जुनी माणसे सुरक्षिततेबाबत आपल्यापेक्षा शहाणी होती असे सरसकट म्हणता येत नाही, ते यामुळे. कठडा जिथे कामाला लागत होता तिथे झाला आणि जिथे आड येत होता तिथे झाला नाही.

बळी, आसरा आणि नशीब

उघड्या पाण्यात मूल गेले तर समाज त्याचा अर्थ कसा लावत होता? श्रावणातली शिळासप्तमीची कहाणी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. राजा तळे खोदतो, पाणी लागत नाही. जलदेवता सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागतात. सुनेला माहेरी पाठवून मुलाला तळ्यात ठेवले जाते आणि तळे भरते. पुढे परत येताना सून त्याच तळ्याच्या काठी सप्तमीचा वसा पाळते आणि मूल तिला परत मिळते. कहाणीत मुलाच्या जाण्याचा निर्णय घरातला कर्ता पुरुष घेतो आणि त्याला परत आणण्याचे काम आईच्या व्रतावर येते. तळे गावाचे आहे, त्याचा धोका मात्र एकट्या आईने निभावायचा आहे. लोककथेचा एवढा एकच अर्थ असतो असे नाही, पण ही वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा भेटते.

विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड महाराष्ट्रात जागोजाग दिसतात. त्या साती आसरा. पाण्यात कोणी बुडाले की 'आसरांनी ओढले' असे म्हणण्याची रीत होती. या श्रद्धेचा एक उपयोगही होता. आसरांच्या भीतीने मुले तिन्हीसांजेला विहिरीकडे फिरकत नसत. पण भीती समजण्याइतके वय व्हावे लागते. ज्याला अजून बोलताही येत नाही त्याला आसरा माहीत नसतात. शिवाय बुडण्याचे कारण आसरांवर किंवा नशिबावर टाकले की काठ उघडा का होता हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दुसऱ्या कारणांसाठी बांधलेले कठडे

पाण्याभोवती बंधने घालणे या समाजाला जमत नव्हते असे मुळीच नाही. सर्वांत कडक बंधन जातीचे होते. कोणी कोणत्या विहिरीवर यायचे, कोणी लांब थांबून ओंजळ पुढे करायची, याचे नियम अत्यंत काटेकोरपणे पाळले जात. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. या दोन्ही घटना सांगतात की पाण्यावरचा अदृश्य कठडा किती उंच होता. माणसाच्या स्पर्शापासून पाणी जपण्यासाठी जेवढी दक्षता खर्ची पडली, तेवढी पाण्यापासून मूल जपण्यासाठी पडली नाही.

दुसरा कठडा कायद्याचा. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३व्या कलमाने दंडाधिकाऱ्याला एक अधिकार दिला होता. सार्वजनिक रस्त्यालगत किंवा सार्वजनिक जागेलगत तळे, विहीर किंवा खड्डा असेल तर लोकांना धोका होऊ नये म्हणून त्याला कुंपण घालण्याचा हुकूम त्याला देता येई. १९७३च्या संहितेत हे कलम त्याच क्रमांकाने राहिले आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १५२वे कलम आहे. शब्द नीट पाहावेत. विहीर रस्त्यालगत असायला हवी. या तरतुदीने वाटसरूचे रक्षण होते, त्याच्या बैलगाडीचे आणि पुढे मोटारीचेही होते. विहीर घरामागच्या परसात असेल आणि तिच्यात पडू शकणारे मूल घरचेच असेल, तर हे कलम तिथे पोहोचत नाही. घराच्या उंबऱ्याच्या आतले मूल ही घरच्यांची जबाबदारी, असा त्यातला गृहीत विचार आहे.

तिसरा कठडा डासांसाठी. मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवरचा डॉ. बेंटली यांचा अहवाल १९११ साली आला. घरोघरच्या विहिरींत वाढणारा अॅनोफिलीस स्टिफेन्सी जातीचा डास हे रोगाचे मोठे कारण ठरले. मग महापालिकेने विहिरी बुजवण्याचा किंवा त्यांवर डास जाणार नाही असे झाकण घालण्याचा आग्रह धरला. विहिरीच्या पाण्याशी धर्मविधी जोडलेले असल्यामुळे या आग्रहाला मोठा विरोधही झाला. या वादात झाकणाची बाजू डासांच्या नावाने मांडली गेली. मुले वाचली असतील तर ती अनायासे.

चौथा कठडा नारूमुळे झाला. नारूच्या रोग्याने पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवला की कृमीची पिल्ले पाण्यात उतरत आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होई. १९८३-८४ पासून देशभर नारू निर्मूलनाचा कार्यक्रम चालला. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर कठड्याच्या, पोहऱ्याने पाणी काढायच्या विहिरींत करणे हा त्या कार्यक्रमाचा एक मुख्य उपाय होता. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पाण्याशी माणसाचा थेट संबंध तोडला तर आपत्ती टळते हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले, पण तो धडा कृमीपुरता राहिला.

पोहायला शिकवण्याची परंपरा

मुलांसाठी म्हणून समाजाने एक गोष्ट मात्र मनापासून केली होती, ती म्हणजे पोहायला शिकवणे. उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीवर मुलांचा गलका असे. पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचे टोक काका-मामाच्या हातात. रोज दोर थोडा सैल सोडायचा आणि एके दिवशी डबा सोडायचा. ही उत्तम पद्धत होती. शालेय वयाच्या मुलांना पोहणे आणि पाण्यातल्या बचावाची मूलभूत कौशल्ये शिकवावीत, असे आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

तिच्या दोन मर्यादा होत्या. विहिरीवरचा हा वर्ग बहुतांशी मुलग्यांचा होता. पाणी भरायला विहिरीवर रोज जाणाऱ्या मुलीला पोहता येत नसे आणि सुटीत मजेसाठी जाणाऱ्या तिच्या भावाला येत असे. दुसरी मर्यादा वयाची. शिकवणी सुरू होई सहा-सात वर्षांच्या पुढे. बुडण्याचा सर्वाधिक धोका मात्र एक ते चार या वयात असतो. त्या वयातल्या मुलासाठी परंपरेजवळ पायातले घुंगुरवाळे होते. ते वाजत राहिले म्हणजे मूल आसपास आहे हे आईला कळे. वाजायचे थांबले की धावायचे. ही सूचना मिळेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

हौद, बोअर, शेततळे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणी काढण्याची रीत बदलली. वीज आली, पंप बसले आणि रहाटाची गरज संपली. रहाट गेल्यावर कठड्याचेही काम उरले नाही. नव्या पाणीसाठ्यांचा आकार पंपाला सोयीचा झाला. घरातला हौद जमिनीच्या पातळीला आला, त्यावर सरकवायचे लोखंडी किंवा फरशीचे झाकण. नळाला पाणी आले की ते बाजूला होते आणि हौद भरेपर्यंत तसेच राहते. नेमकी तीच वेळ घरातल्या बाईच्या सर्वाधिक धावपळीची असते.

बोअरवेलने धोका आणखी अरुंद आणि खोल केला. २००६ साली हरियाणात एक पाच वर्षांचा मुलगा बोअरमध्ये पडला आणि सुमारे दोन दिवसांनी सुखरूप बाहेर निघाला, ते साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यानंतरही अशा घटना होत राहिल्या आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. खोदकामाआधी पंधरा दिवस सूचना, भोवती काटेरी तारेचे कुंपण, केसिंगभोवती काँक्रीटचा ओटा, तोंडावर वेल्डिंग केलेली पट्टी किंवा बोल्टने आवळलेले झाकण, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून बुजवणे. वर पाहिलेल्या इतिहासात हे निर्देश वेगळे उठून दिसतात. इथे कठडा प्रथमच स्पष्टपणे लहान मुलासाठी सांगितला गेला, आणि तो खासगी जमिनीतल्या बोअरलाही लागू झाला.

सोलापूर जिल्ह्यात सर्वांत अलीकडचा घरगुती जलाशय म्हणजे शेततळे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातल्या डाळिंबाला उन्हाळ्यात त्यानेच तारले. राज्य सरकारच्या २०१६च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान होते आणि तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल हा मोठ्यात मोठा आकार होता. पाणी मुरू नये म्हणून अनेक ठिकाणी तळाला आणि उतारांना जाड प्लास्टिक कागद अंथरतात. डाळिंबासाठी ही रचना निर्दोष आहे. माणसासाठी ती सापळा आहे. ओल्या, शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही. पकडायला दगड नाही, मूळ नाही, पायरी नाही. चांगला पोहणाराही काठापर्यंत येतो आणि पुन्हा घसरतो. म्हणूनच मुलाला वाचवायला उतरलेली आई किंवा काका त्याच्याबरोबर जाण्याचे प्रसंग घडतात. बारवेने घसरलेल्याला निदान पायरी दिली होती, शेततळे तेवढेही देत नाही. खर्चाच्या हिशेबात खोदाई पहिली, कागद दुसरा आणि कुंपण 'पुढच्या हंगामात' असे झाले की मधल्या हंगामात तळे भरलेले आणि उघडे असते.

निळ्या तलावाचा धडा

घरगुती पोहण्याचे तलाव ज्या देशांत आपल्याआधी पसरले त्यांचा अनुभव इथे उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेत घरोघरी तलाव झाले आणि त्यांत घरचीच लहान मुले बुडू लागली. ब्रिस्बेनचे बालरोगतज्ज्ञ जॉन पर्न यांनी १९७०च्या दशकात अशा घटनांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि कुंपणाचा प्रश्न लावून धरला. खासगी आवारात सरकारने कुंपण का सांगावे, खर्च कोणी करावा, आईबापांनी लक्ष ठेवू नये काय, हे सगळे आक्षेप तिथेही निघाले. अखेर १९९०च्या दशकाच्या आरंभी क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत कायदे झाले. फ्रान्सने ३ जानेवारी २००३ रोजी खासगी तलावांसाठी सुरक्षासाधने बंधनकारक केली. अमेरिकेत तळाच्या निचऱ्याच्या झाकणाशी पाण्याच्या ओढीने अडकून एक मुलगी दगावली होती. तिच्या नावाने २००७ साली झालेल्या कायद्याने सार्वजनिक तलावांच्या निचऱ्यांना विशिष्ट प्रकारची झाकणे सक्तीची केली.

या सगळ्यातून निघालेले निष्कर्ष साधे आहेत. कुंपण तलावाच्या चारही बाजूंना हवे, घराची भिंत ही त्याची चौथी बाजू धरू नये. कारण मूल बाहेरून येत नाही, ते घराच्या मागच्या दारातून येते. तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा चार बाजूंचे कुंपण अधिक जीव वाचवते हे १९९८ सालच्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले. ऑस्ट्रेलियात कुंपणाची उंची निदान १.२ मीटर, गजांमधली फट दहा सेंटिमीटरपेक्षा कमी, फाटक तलावाच्या उलट दिशेला उघडणारे, आपोआप लागणारे आणि खिटी मुलाच्या हाताला न येणारी अशी अपेक्षा असते. कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी, उलटी बादली असे चढता येईल असे काही नसावे. खेळणी पाण्यात तरंगत ठेवू नयेत, कारण मूल पाण्याकडे जाते ते बऱ्याचदा चेंडूकडे जाते. पाण्यावर पसरलेले पातळ प्लास्टिक आच्छादन हे संरक्षण नव्हे. त्याखाली गेलेले मूल दिसत नाही. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे धरून पोट दाबण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे ताबडतोब सुरू करावे. घरातल्या प्रत्येक प्रौढाने ते आधी शिकून घ्यावे.

यांतले बहुतेक नियम हौदाला आणि शेततळ्याला जसेच्या तसे लागू पडतात. हौदाला कडीकुलपाचे झाकण आणि पाणी भरताना तोंडावर बसवायची जाळी. रिकाम्या बादल्या पालथ्या, कारण रांगत्या मुलाला अर्धी बादलीही पुरते. शेततळ्याला तारेचे कुंपण, चारही उतारांवर खुंटाला पक्के बांधलेले गाठींचे दोर, आणि काठावर हवा भरलेली जुनी ट्यूब. हा खर्च कागदाच्या तुलनेत किरकोळ आहे.

लक्ष कोणी ठेवायचे?

राहतो तो कहाणीतल्या वाटणीचा प्रश्न. बुडण्याच्या प्रत्येक घटनेनंतर 'आईचे लक्ष नव्हते' हे वाक्य येते. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. हात पानात, मान खाली, आणि दिवसभरात ठरलेली संख्या पुरी करायची. वस्तीवरची बाई डाळिंबाच्या बागेत असते. अशा बाईने क्षणभरही डोळा न हलवता दोन वर्षांच्या मुलावर लक्ष ठेवावे ही अपेक्षा करणाऱ्याने ते काम स्वतः एक दिवस करून पाहावे. बांगलादेशात ग्रामीण भागातल्या बुडण्याच्या घटनांचा अभ्यास झाला तेव्हा त्या सकाळच्या कामाच्या वेळेत अधिक दिसल्या. तिथे उपाय निघाला तो त्या वेळेत गावातच मुले सांभाळणाऱ्या केंद्रांचा. आपल्याकडे अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण तीन वर्षांखालच्या मुलाला दिवसभर सांभाळणारे पाळणाघर कष्टकऱ्यांच्या वस्तीत क्वचितच दिसते.

एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून जाहीर केला. तो येतो आषाढ-श्रावणाच्या आसपास, तळी-विहिरी भरू लागतात तेव्हा, आणि शिळासप्तमीही त्याच सुमारास येते. त्या दिवशी कहाणी वाचणाऱ्या घरांनी वाचून झाल्यावर परसात जाऊन हौदाचे झाकण, बोअरची टोपी आणि शेततळ्याचे कुंपण एकदा हाताने ओढून पाहावे. कहाणीतल्या सुनेला तिचे मूल व्रताने परत मिळाले. आपल्या हातात आहे ती फाटकाची खिटी.